पूर ओसरला, गाळ राहिला

मुलांनो, आज आधी एक कोडं घालते. नीट वाचा आणि उत्तर मनातच ठेवा. ओरडायचं नाही!

चिकट आहे, पण डिंक नाही. वाहतो, पण ओढा नाही. गरिबाकडे आहे, श्रीमंताकडे आहे, राजाकडेसुद्धा होता. असतो सगळ्यांकडे, पण 'हा माझा' असं कुणीच म्हणत नाही. ओळखा पाहू!

आलं लक्षात? अगदी बरोबर. शेंबूड!

हसा, पोटभर हसून घ्या. आमच्या चौथीच्या वर्गात हे कोडं घातलं की पाच मिनिटं तरी हसणं थांबत नाही. मग मी दुसरा प्रश्न विचारते, "ताप गेलाय, पण खोकला राहिलाय, असं कुणाकुणाचं झालंय?" की लगेच भराभर हात वर होतात. काही हात तर खोकत खोकतच वर येतात.

तुमच्यापैकीही अनेकांचे हात आत्ता वर गेले असतील. ताप उतरला, अंगदुखी थांबली, शाळा सुरू झाली, पण घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंच आहे. सकाळी उठलं की खाकर खाकर खाकरायचं. रात्री पाठ टेकली की खोकल्याची ढास लागते. नाक एका बाजूने उघडतं, तर दुसऱ्या बाजूने चोंदतं. आई म्हणते, "अजून कसं बरं वाटत नाही?" आजी म्हणते, "याचं दूध बंद करा." बाबा म्हणतात, "दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊ या." आणि तुम्हाला वाटतं, आपण आता कधी बरे होणारच नाही की काय!

होणार. नक्की होणार. पण त्याला वेळ का लागतो, हे समजून घ्यायला हवं. तेच आज बघू या.

नाकातले झाडूवाले

तुमच्या नाकात, घशाच्या वरच्या भागात आणि छातीतल्या श्वासनळ्यांत आतून एक ओलसर अस्तर असतं. त्यावर चिकट पाण्याचा पातळ थर असतो. हाच आपला शेंबूड किंवा कफ. त्यात बहुतेक सगळं पाणीच असतं. थोडे क्षार आणि चिकटपणा आणणारी थोडी प्रथिनं, एवढंच बाकीचं. निरोगी माणसाच्या नाकात आणि आसपासच्या पोकळ्यांत दिवसभरात असा सुमारे लिटरभर द्रव तयार होतो. तो आपण नकळत गिळत असतो. "ईऽऽ" म्हणू नका! अगदी तुमच्या लाडक्या क्रिकेटपटूचंही असंच असतं.

या चिकट थराचं काम काय? हवेतली धूळ, धूर, फुलांचे परागकण, जंतू यांना धरून ठेवायचं. माशी जशी गुळाला चिकटते ना, तसे ते इथे चिकटतात. पण चिकटलेला कचरा बाहेर कोण काढणार? त्यासाठी अस्तरावरच्या पेशींना अगदी बारीक केस असतात. साध्या डोळ्यांनी ते दिसत नाहीत. एकेका पेशीवर सुमारे २०० केस! शास्त्रात त्यांना 'पक्ष्माभिका' असं भारदस्त नाव आहे. आपण त्यांना झाडूवाले म्हणू या. हे झाडूवाले एका सेकंदात दहा-पंधरा वेळा हलतात, तेसुद्धा वाऱ्यावर डोलणाऱ्या भाताच्या शेतासारखे, एकामागून एक. त्यांच्या लाटेवर तो चिकट थर कचऱ्यासकट मिनिटाला साधारण अर्धा सेंटिमीटर पुढे सरकतो. नाकातला थर घशाकडे येतो. छातीतला वर चढून घशाकडे येतो. तिथून तो पोटात जातो आणि पोटातलं आम्ल जंतूंचा समाचार घेतं.

नाकाच्या डॉक्टरांकडे याची एक गमतीची तपासणी असते. नाकात पुढच्या बाजूला सॅकरिनचा, म्हणजे गोड पदार्थाचा, एक कण ठेवतात आणि घड्याळ लावून बसतात. साधारण १० ते २० मिनिटांत तोंडात गोड चव येते! म्हणजे झाडूवाले कामावर आहेत. (हा प्रयोग घरी करायचा नाही, बरं का. नाकात साखर, शेंगदाणा, मणी काही म्हणजे काही घालायचं नाही.)

पूर येतो तेव्हा

आता सर्दी-तापाचा विषाणू आला असं समजा. तो या अस्तरावरच्या पेशींमध्येच घुसतो. काही पेशी मरतात, झाडूवाले झडतात, अस्तर सुजतं. शरीर म्हणतं, "पाणी सोडा, धुऊन काढा!" मग नाक वाहायला लागतं. लढायला आलेल्या पांढऱ्या पेशीही त्यात मिसळतात. त्यांतल्या काहींमध्ये हिरव्या रंगाचं एक द्रव्य असतं. म्हणून पहिल्यांदा पाण्यासारखा असलेला शेंबूड नंतर पिवळा-हिरवा दिसायला लागतो. हिरवा दिसला म्हणजे आजार बिघडलाच, असं नसतं. पुष्कळदा ती लढाईची खूण असते.

चार-सहा दिवसांत लढाई संपते. ताप जातो. पण नदीचा पूर ओसरल्यावर काय होतं, ते तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. पाणी एका दिवसात उतरतं, गाळ मात्र घराघरांत राहतो. भिंती ओल्या, अंगणात चिखल, रस्ता खचलेला. गाळ उपसायला आणि रस्ता नीट व्हायला किती दिवस लागतात! तुमच्या घशाचं अगदी तसंच झालेलं असतं. विषाणू गेला, पण अस्तर अजून सुजलेलं आहे. कफ जास्त आहे आणि तो वाहून नेणारे झाडूवाले कमी आहेत. नवे झाडूवाले उगवायला काही आठवडे लागतात. तोवर त्यांचं काम कोण करतं? खोकला! खोकला म्हणजे झाडूवाल्यांच्या बदलीवर आलेला गडी. तो धसमुसळा आहे, आवाज करतो, रात्री झोपू देत नाही, पण काम करतो.

म्हणूनच लहान मुलांचा सर्दीनंतरचा खोकला दोन-दोन, तीन-तीन आठवडे चालतो. डॉक्टरांनी याचा अभ्यास केला, तेव्हा असं दिसलं की दहापैकी नऊ मुलांचा खोकला थांबायला साधारण २५ दिवस लागतात. पंचवीस! आणि आपण आठव्या दिवशीच कंटाळतो.

आणि रात्रीच खोकला का वाढतो? दिवसा आपण उभे असतो, बसलेले असतो, नाकामागचा कफ हळूहळू खाली उतरतो आणि आपण तो गिळतो. आडवं झालं की तोच कफ घशाच्या मागच्या बाजूला साचतो आणि गुदगुल्या करतो. कारण एवढं साधं आहे.

आपण काय करायचं?

गाळ उपसणाऱ्यांना आपण मदत करतो ना? तशीच झाडूवाल्यांना करायची.

पहिली गोष्ट, पाणी. घोट घोट, दिवसभर. कोमट पाणी, पातळ पेज, वरणाचं पाणी, मुगाचं कढण, काहीही चालेल. शरीरात पाणी पुरेसं असलं की कफही फार घट्ट होत नाही आणि कोमट घोटाने घशाला बरं वाटतं. शाळेची पाण्याची बाटली घरी नेताना रिकामी असली पाहिजे. झाडाला ओतून रिकामी नव्हे हं! मला सगळं कळतं.

दुसरी गोष्ट, गुळण्या. ग्लासभर कोमट पाण्यात पाव ते अर्धा चमचा मीठ. ज्यांना गुळणी करून पाणी बाहेर टाकता येतं, त्यांनीच करायच्या. अगदी लहान भावंडांना नको. ती पाणी गिळतात नाहीतर त्यांना ठसका लागतो.

तिसरी गोष्ट, मध. रात्री झोपण्याआधी एक चमचा मध चाटला की खोकला थोडा शांत होतो. हे आजीला ठाऊक होतंच, आता डॉक्टरांनीही तपासून पाहिलं आहे. पण एक नियम पक्का लक्षात ठेवा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, बोटभरसुद्धा नाही. मधात कधी कधी एका जंतूचे बीजाणू असतात. मोठ्यांना ते काही करत नाहीत, पण बाळाला त्यांच्यापासून फार गंभीर आजार होऊ शकतो.

चौथी गोष्ट, नाक शिंकरणं. दोन्ही नाकपुड्या चिमटीत धरून जोरात 'फुर्रर्र' करू नका, त्याने कान दुखतो. एक नाकपुडी बंद, दुसरीतून हळू. मग दुसरी. नाक फारच चोंदलं असेल, तर औषधाच्या दुकानात मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात, ते आईबाबांना विचारून घालता येतात. सारखं मुद्दाम खाकरूही नका. खाकरण्याने घसा आणखी सोलवटतो आणि मग आणखी खाकरावंसं वाटतं. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घ्यायचा. करून बघा.

पाचवी गोष्ट, झोप. तुमच्याएवढ्या मुलांनी डोक्याखाली एक उशी जास्त घेतली तर बरं वाटतं.

आणि सहावी, धूर. धूर झाडूवाल्यांचा मोठा शत्रू. घरात विडी-सिगारेट ओढणारं कुणी असेल, तर त्यांना हात जोडून सांगा, "माझे झाडूवाले नवे उगवताहेत, त्यांना मारू नका." चुलीचा धूर, डासांच्या कॉइलचा धूर, उदबत्तीचा धूर यांपासूनही थोडे दिवस लांब बसा. फळा पुसताना डस्टर हवेत आपटू नका. वर्ग झाडताना आधी पाण्याचा सडा मारा, हे तर मी रोजच सांगते.

आता वाफेबद्दल. उकळत्या पाण्याचं पातेलं पुढ्यात घेऊन डोक्यावर टॉवेल घेणं मुलांसाठी धोक्याचं आहे. एक धक्का लागला की पाणी मांडीवर! सर्दी परवडली, पण ते भाजणं नको. आंघोळीच्या वेळी न्हाणीघरात कोंडलेली वाफ मिळते, तेवढी पुरे.

आणि दूध? "दुधाने कफ होतो" हे आपण घरोघरी ऐकतो. १९९० साली ऑस्ट्रेलियात ६० जणांवर याची तपासणी झाली होती. त्यांना मुद्दाम सर्दीचा विषाणू दिला आणि कोण किती दूध पितं, कुणाचा शेंबूड किती, हे मोजलं. (हो, शेंबूड वजन करून मोजला! शास्त्रज्ञांना कसलीच किळस नसते.) जास्त दूध पिणाऱ्यांचा शेंबूड काही जास्त भरला नाही. दूध लाळेत मिसळून थोडा वेळ घशात दाट लागतं, तेवढंच. तेव्हा आजीशी भांडू नका, पण दूध आवडत असेल तर हळद घालून कोमट मागा. आजीसुद्धा हो म्हणेल.

हा भाग आईबाबांना वाचून दाखवा

मुलांनो, इथून पुढचा भाग मोठ्याने वाचा, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा.

आईबाबा, मूल रात्रभर खोकत असलं की तुमच्या जिवाची घालमेल होते, हे मी रोज शाळेच्या फाटकापाशी पाहते. "बाई, काहीतरी स्ट्राँग औषध द्यायला सांगू का डॉक्टरांना?" असं तुम्ही विचारता. पण अँटिबायोटिक गोळ्या जीवाणूंना मारतात, विषाणूंना नाही. साध्या सर्दीवर आणि तिच्या मागे राहिलेल्या कफावर त्यांचा काही उपयोग होत नाही. पेनिसिलिनचा शोध १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी लावला. त्यांनीच १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या भाषणात इशारा दिला होता की हे औषध अपुरं, कसंही घेतलं तर जंतू त्याला सरावतील. तेव्हा मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या, शेजारच्या मुलाला लागू पडलेली बाटली, असं काही देऊ नका. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, तर मात्र त्यांनी सांगितलं तेवढे दिवस द्या.

खोकल्याच्या औषधाचंही तसंच. २०२५ सालच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचं एक औषध पिऊन वीसहून जास्त लहान मुलं दगावली. त्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य सापडलं. ते मूत्रपिंडं निकामी करतं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखालच्यांनाही ती सहसा देऊ नयेत. एका साध्या खोकल्यापायी त्या घरांतली मुलं गेली. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाटली उघडू नका. तान्ह्या बाळाच्या नाकात तेल सोडण्याची जुनी पद्धतही आता सोडायला हवी. ते तेल फुप्फुसात जाऊ शकतं.

मग डॉक्टरांकडे जायचंच नाही का? जायचं! केव्हा, ते लक्षात ठेवा. श्वास भरभर चालतोय, श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जातेय, ओठ निळसर दिसताहेत, मूल पाणीही पीत नाही, असं असेल तर वेळ न घालवता दवाखाना गाठायचा. खाताना ठसका लागून अचानक खोकला सुरू झाला, तरीही लगेच जायचं. छातीतून शीळ वाजतेय, कान फार दुखतोय, खोकताना रक्त दिसलं, ताप तीन दिवसांत उतरला नाही किंवा जाऊन परत आला, दहा दिवस झाले तरी रतीभरही उतार नाही, एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येतोय, तर डॉक्टरांना दाखवायचं. (हे शेवटचं छोट्या भावंडांचं. नाकात हरभरा किंवा मणी अडकलेला असू शकतो!) प्रत्येक सर्दीनंतर धावलं की किंवा रात्री खोकला येत असेल, तर तो दमाही असू शकतो. त्यावर चांगले उपचार आहेत आणि ओढायचा पंप वापरण्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही.

आणि खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला, तर मुलाला बरं वाटत असलं तरी एकदा दाखवायचंच. बहुतेक वेळा तो राहिलेला गाळच निघतो. पण आपल्याकडे क्षयरोग अजून आहे. वजन कमी होतंय, संध्याकाळी ताप येतोय किंवा घरात कुणाला क्षय झाला होता, असं असेल तर डॉक्टरांना तेही सांगा. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि औषधं फुकट मिळतात.

आणि हे फक्त तुमच्यासाठी

आता मुलांनो, पुन्हा तुमच्याकडे येते.

आमच्या वर्गात एक मुलगी तापातून उठून शाळेत आली. दिवसातून दहा-बारा वेळा खोकायची. दुसऱ्या दिवशी तिच्या बाकावरची मैत्रीण उठून मागे जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी पुढच्या बाकावरच्यांनीही दप्तरं उचलली. २०२० साली करोना आला, तेव्हापासून कुणी खोकलं की सगळ्यांच्या माना वळतात. त्या मुलीने मग काय केलं? खोकला दाबून धरायला लागली. तोंड घट्ट मिटून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत! कवितेच्या तासाला सगळ्यांत गोड गळा तिचा, पण तिने तोंड उघडलं नाही.

तेव्हा मी वर्गाला हेच सगळं सांगितलं, जे आज तुम्हाला सांगते आहे. सर्दीचा विषाणू सगळ्यांत जास्त पसरतो तो आजाराच्या पहिल्या काही दिवसांत. ताप आहे, नाक धो धो वाहतंय, तेव्हा घरी राहायचं. नंतर आठवडे दोन आठवडे जो खोकला राहतो, तो बहुतेक वेळा गाळ उपसण्याचाच आवाज असतो. त्याला घाबरून मैत्रिणीला एकटं पाडायचं नसतं. आणि खोकणाऱ्यानेही आपलं काम करायचं. रुमालात किंवा कोपराच्या वाकणात खोकायचं, हात साबणाने धुवायचे, बेडका आला तर तो रस्त्यावर, भिंतीवर न टाकता बेसिनमध्ये टाकून पाणी ओतायचं. गिळला गेला तरी काही बिघडत नाही, पोट त्याचं बघून घेतं.

दुसऱ्या दिवशी तिची मैत्रीण आपल्या जागेवर परत आली. येताना स्वतःची पाण्याची बाटली तिच्यापुढे ठेवून म्हणाली, "घे, वरून पी. तुझे झाडूवाले उगवायचेत ना!" सगळा वर्ग हसला. तीही हसली. हसता हसता तिला खोकला आला आणि या वेळी तिने तो दाबला नाही.

आता या आठवड्याचा अभ्यास. घरात ज्याचा खोकला राहिलाय, त्याच्यासाठी वहीच्या एका पानावर चौदा रकाने आखा. रोज तीन गोष्टी लिहायच्या. रात्री खोकल्याने किती वेळा जाग आली? ताप होता का? पाणी किती ग्लास प्यायलं? आकडे हळूहळू उतरताना दिसले की समजायचं, गाळ निघतोय. एखाद्या दिवशी खोकला वाढला तरी धीर सोडू नका, उतार सरळ रेषेत नसतो. आणि चौदा रकाने भरले तरी आकडे खाली आले नाहीत, तर तेच पान घेऊन डॉक्टरांकडे जायचं. डॉक्टरांना अशी वही फार आवडते.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर पाणी प्या!

तुमच्या
बाई